आमचा मतदारसंघ पेनसिल्व्हेनिया

२०२४ च्या नोव्हेंबरात येवल्यात दोन निवडणुका झाल्या. एक ५ तारखेला, दुसरी २० तारखेला. पहिलीचा प्रचार कडक झाला. चहाच्या टपरीवर, मार्केट कमिटीच्या फाटकापाशी, पैठणीच्या दुकानांतल्या गाद्यांवर आणि प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर उघड दोन तट पडले होते. जुने मित्र एकमेकांना 'तुम्हाला कळत नाही' असं तोंडावर सांगत होते. दुसरीबद्दल मात्र सगळे जपून बोलत. कुणी विचारलंच तर 'बघू, वातावरण बरं दिसतंय' एवढंच उत्तर. कुणासाठी बरं, ते नाही. पहिली निवडणूक अमेरिकेच्या अध्यक्षाची होती. दुसरी येवल्याच्या आमदाराची.

यात नवल काही नाही. दुसऱ्या निवडणुकीत घड्याळ आणि तुतारी समोरासमोर होती, म्हणजे एकाच घरातून वेगळ्या निघालेल्या दोन चुली. कुणाच्या मेहुण्याचं रस्त्याचं बिल, कुणाच्या पुतण्याची बदली, कुणाचं शेततळ्याचं अनुदान यांतल्या कुठल्या ना कुठल्या चुलीवर शिजत होतं. अशा वेळी शहाणा माणूस मत मशीनपुरतं ठेवतो. ट्रम्पचं तसं नाही. ट्रम्पला शिव्या घातल्या म्हणून इथली जळालेली डीपी बदलायची राहत नाही. कमला हॅरिसची बाजू घेतली म्हणून सोसायटीचं कर्ज अडत नाही. राज्यघटनेने दिलेलं भाषणस्वातंत्र्य मनसोक्त वापरायचं असेल तर ते दुसऱ्याच्या देशाबद्दल वापरावं, हे येवल्याने केव्हाच ओळखलंय.

त्यात त्या काळात घरची हौस भागण्याची सोयच नव्हती. राज्यातल्या बहुतेक नगरपालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकाच्या ताब्यात. ना वॉर्ड, ना गट, ना रात्रीच्या बैठका, ना सकाळचे रुसवेफुगवे. राजकारणाशिवाय महाराष्ट्रातला माणूस किती दिवस काढणार? मग तो पेनसिल्व्हेनियात जातो. आमचे एक निवृत्त गुरुजी आहेत. पेनसिल्व्हेनियाची १९ मतं कुठल्या भागातल्या मतदारांमुळे फिरतात, हे ते नकाशा न बघता सांगायचे. अंदरसूल गटात पुढच्या वेळी कोण उभं राहणार, असं विचारलं की म्हणायचे, ''तिकडचं मला फारसं माहीत नाही.'' तिकडचं म्हणजे तालुक्यातलं.

अमेरिकेचं राजकारण आम्हाला सोपंही पडतं. तिथे पक्ष दोनच, आणि दोन्ही अजून एकेकच आहेत. आपल्याकडे २०२२ पासून शिवसेना म्हटलं की कोणती आणि २०२३ पासून राष्ट्रवादी म्हटलं की कोणाची, हे विचारल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. निवडून आलेला सिनेटर सकाळी गुवाहाटीच्या हॉटेलात सापडला, असं तिकडे होत नाही. शिवाय चिन्हं बघा. एकाचा हत्ती, दुसऱ्याचं गाढव. गाढव घेऊन दीडशे वर्षं राजकारण करणाऱ्या पक्षाच्या चिकाटीला विरोधकसुद्धा मानतात. आपल्याकडे आयोगाने कुणाला गाढव दिलं असतं तर त्याच रात्री पक्षात फूट पडली असती, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही गट आयोगाकडे गेले असते: गाढव त्यांना द्या म्हणून.

आता तटांविषयी. गुरुजी डेमोक्रॅट. त्यांच्यासमोर पेठेतले साड्यांचे व्यापारी, म्हणजे आमचे शेठ; ते रिपब्लिकन. दोघांच्या मध्ये आडतदार काका बसतात. त्यांचा पक्ष मका.

येवल्यात ट्रम्पचा माणूस कोण आणि विरोधातला कोण, हे ओळखायला अमेरिकेची काडीची माहिती लागत नाही. तो दिल्लीत कुणाच्या बाजूचा आहे तेवढं कळलं की झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टनला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अहमदाबादला आपले पंतप्रधान आणि ट्रम्प हातात हात घालून उभे राहिले, त्या दिवशी शेठ रिपब्लिकन झाले. शेठ रिपब्लिकन झाले, त्याच संध्याकाळी गुरुजी डेमोक्रॅट झाले. तिकडचा बंदुकांचा कायदा, गर्भपाताचा वाद, आरोग्यविमा यांतलं काहीही दोघांच्या निर्णयाच्या आड आलं नाही. बाहेरच्या लोकांचे लोंढे अमेरिकेने थोपवलेच पाहिजेत, असं शेठ टेबलावर मूठ आपटून सांगत. त्यांचा सख्खा भाचा तेव्हा न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर होता. पण तो लोंढ्यातला नव्हे, तो बहिणीचा मुलगा.

बरं, येवल्याचा या भांडणाशी नात्यागोत्याचाही संबंध नाही. तमिळनाडूतल्या तुलसेंद्रपुरमच्या लोकांनी कमला हॅरिससाठी देवळात पूजा बांधली, ते समजण्यासारखं आहे. तिच्या आजोबांचं ते गाव. आंध्रातल्या वडलुरूला उपाध्यक्ष व्हान्स यांच्या बायकोचं कौतुक असणारच. तिचं मूळ तिथलं. येवल्याची ना कुणी लेक व्हाइट हाउसच्या वाटेवर, ना कुणी सून. तरी ६ नोव्हेंबरच्या दुपारी ट्रम्प निवडून आल्याचं कळलं, तेव्हा शेठनी दुकानात पेढे वाटले. गुरुजींनी पेढा घेतला, पण खिशात ठेवला. त्याला त्यांनी नोंदवलेला निषेध म्हणतात.

मराठी माणूस या सामन्यात खरोखर मैदानात असेल तर तो श्री ठाणेदार. बेळगावात वाढले, मराठीत आत्मचरित्र लिहिलं, २०२३ पासून मिशिगनमधून डेमोक्रॅटिक खासदार. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचा प्रस्ताव मांडला, सात कलमांचा. गुरुजींनी ती बातमी ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'बेळगावचा वाघ.' प्रस्ताव पुढे सरकला नाही. शेठनी उत्तर टाकलं, 'बेळगावचा प्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आधी तो सोडवा म्हणावं.' त्या दिवशी प्रथमच येवल्यातल्या दोन्ही अमेरिकन पक्षांना एका मुद्द्यावर एकत्र हसू आलं.

मग ऑगस्ट २०२५ उजाडला. ७ तारखेपासून भारतीय मालावर २५ टक्के आयातकर, आणि रशियाचं तेल घेता म्हणून २७ तारखेपासून आणखी २५. एकूण ५०. येवल्यातली पक्षीय रचना एका महिन्यात कोलमडली. नोव्हेंबरात ज्यांनी पेढे वाटले, त्यांनाच अमेरिकन मालावरच्या बहिष्काराची यादी फिरवावी लागली. शेठनी ती देशभक्तीने फिरवली, नोव्हेंबरातल्या पेढ्यांचा उल्लेख टाळून. खरी कोंडी गुरुजींची झाली. 'आम्ही सांगतच होतो' म्हणण्याचा क्षण आला होता, पण म्हणता येईना. ट्रम्पला त्यांचा विरोध होता, कारण तो दिल्लीचा मित्र. आता तो दिल्लीचा मित्र राहिला नाही, तर त्याला विरोध कशासाठी करायचा? आणि नाही करायचा, तर देशद्रोही कोण ठरणार? गुरुजी दोन दिवस फक्त 'शुभ प्रभात' टाकत होते.

शेठची पाळी महिनाभरात आली. १९ सप्टेंबरला ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. भाच्याचा व्हिसा जुना, म्हणून तो वाचला. पण त्याचा धाकटा भाऊ रांगेत होता. लोंढा तो हाच, हे घरातल्या घरात कळलं.

बहिष्काराच्या यादीकडे येऊ. परदेशी कंपनीविरुद्ध उभं राहण्यात येवला कच्चा नाही. तात्या टोपे इथेच जन्मले आणि त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीला चांगलंच पळवलं. पुढेही देशाला सराव आहे. १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोका-कोला देश सोडून गेली, सरकारने '७७' नावाचं पेय काढलं, ते लोकांनी देशासाठी प्यायलं, आणि १९९३ मध्ये कोला परत आली. अलीकडे तर पाळ्या लागल्यात. २०२० मध्ये चीन. जानेवारी २०२४ मध्ये मालदीव. तो बहिष्कार येवल्याने शिस्तीने पाळला, कारण आमची सहल वणीच्या गडापुढे सहसा जात नाही. मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं बंद केली. तीन महिन्यांत अमेरिकेचा नंबर लागला.

यादीत पहिलं नाव टेस्लाचं होतं. मुंबईत जुलै २०२५ मध्ये तिचं दुकान उघडलं आणि गाडीची किंमत साठ लाखांच्या घरात. पहिली गाडी आपल्या परिवहनमंत्र्यांनी घेतली. येवल्यात टेस्लावरचा बहिष्कार शंभर टक्के यशस्वी झाला. हार्ले-डेव्हिडसनवरचाही. पिझ्झा आणि बर्गरच्या मोठ्या अमेरिकन साखळ्यांवर बहिष्कार घालायचा तर आधी नाशिकला जावं लागतं, ते पेट्रोल परवडत नाही. म्हणून तोही आपोआप यशस्वी. जी वस्तू आपण कधी घेतली नाही, ती यापुढेही घेणार नाही, अशी कडक प्रतिज्ञा करणाऱ्यांचा निर्धार शेवटपर्यंत टिकला.

अडचण घरातल्या वस्तूंची. कोलगेट अमेरिकन आहे, हे कळल्यावर अनेकांना धक्का बसला; तीन पिढ्यांनी त्याच्याकडे दातांचं खातं उघडलेलं. शिंपी आळीतलं सिंगरचं मशीन मूळचं अमेरिकन निघालं, पण तिथे गांधीजी धावून आले: यंत्रांवर टीका करताना त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला स्वतः सूट दिली होती. बदामाचं नाव मात्र कुणी काढलंच नाही. आपल्याकडचा बहुतेक बदाम कॅलिफोर्नियाचा. रात्री भिजवून सकाळी सोलून मुलाला दिलेल्या सात बदामांवर दहावीचा निकाल अवलंबून असतो, अशी घराघरांतली ठाम समजूत. राष्ट्रहित आणि गणिताचा पेपर यांत कुठल्या आईने काय निवडलं, हे सांगायला नको.

आणि ही यादी फिरत होती व्हॉट्सअॅपवरून. गुरुजींनी ते दाखवून दिलं, तेव्हा सप्टेंबरात शेठनी झोहो कंपनीचं अरट्टाई अॅप घेण्याचा हुकूम काढला. ग्रुप तिकडे गेला. सगळ्यांनी एकमेकांना नमस्कार केला. 'कोण कोण आलं?' असं विचारलं. मग तिथे काय चाललंय, याची चर्चा करायला सगळे व्हॉट्सअॅपवर परत आले.

हे फक्त आपल्याकडे चालतं असं नव्हे. मार्च २०२५ मध्ये कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांताच्या सरकारी दारूदुकानांनी अमेरिकन दारू फडताळांवरून काढून टाकली. टोरांटोतल्या आमच्या ओळखीच्या एका मराठी काकूंनी हे अभिमानाने कळवलं. त्यांच्या घरात चतुर्थी असो वा नसो, दारू कधीच येत नाही. डेन्मार्कच्या एका मोठ्या दुकानसाखळीने युरोपातल्या मालाच्या किमतीच्या चिठ्ठीवर काळा तारा छापला, म्हणजे बाईने पिशवी भरताना चीज कुठल्या बाजूचं आहे ते बघावं. खुद्द अमेरिकेत टेस्लावाल्यांनी गाडीला चिकटपट्ट्या लावल्या, की कंपनीच्या मालकाचे गुण कळायच्या आधी आम्ही ही गाडी घेतली होती. गाडी विकायची नाही, मत तेवढं विकायचं. येवल्याला हा मार्ग ओळखीचा वाटला.

परक्याच्या गच्चीवरच्या पतंगाची काटाकाटी बघून आरडाओरडा करण्यात मजा एवढ्यासाठी असते, की मांजा दुसऱ्याचा आणि बोटंही दुसऱ्याची. २०२५ मध्ये बोटं आमची निघाली.

पहिला धक्का मक्याला बसता बसता राहिला. येवला तालुक्यात पावसाळ्यात जिकडे बघाल तिकडे मका. सप्टेंबरात अमेरिकेचे व्यापारमंत्री हॉवर्ड लटनिक म्हणाले, की १४० कोटी लोकसंख्येच्या बढाया मारणारा भारत आमचा एक बुशेल मकासुद्धा का घेत नाही? हे विधान शेठनी दिल्लीचा अपमान म्हणून टाकलं आणि गुरुजींनी दिल्लीचं अपयश म्हणून. आडतदार काकांनी एवढंच विचारलं, ''बुशेल म्हणजे किती भरतं हो?''

मक्याचं बुशेल साधारण साडेपंचवीस किलोचं. काकांनी पावतीपुस्तकाच्या मागे हिशेब केला. १४० कोटी माणसं, माणशी एक बुशेल, म्हणजे साडेतीन कोटी टन. देशाचं वर्षाचं पीक चार कोटी टनांच्या आसपास. ''म्हणजे एवढं आणलं तर आपला मका आपणच खायचा, शेठ. भाकरीला नाही, राग म्हणून.'' हमीभाव तेव्हा क्विंटलला २,४०० रुपये आणि बाजारात पुकारा त्याच्या खालून चाललेला. अमेरिकेतला मका बहुतेक जनुक बदललेल्या बियाण्याचा, आणि आपल्याकडे कापूस सोडला तर तसं पीक घ्यायला परवानगी नाही, हेही काकांना माहीत होतं. पेनसिल्व्हेनियाची १९ मतं त्यांना माहीत नव्हती. आयोवात मका किती एकरांवर उभा आहे, ते विचारत होते. अमेरिकेच्या निवडणुकीचा येवल्याला उपयोगी पडेल असा प्रश्न तेवढा एकच होता, आणि तो ग्रुपच्या बाहेर विचारला गेला.

दुसरा धक्का बसला, तो राहिला नाही. आठशे डॉलरपर्यंतचं पार्सल अमेरिकेत बिनकराचं जायचं, ती सवलत २९ ऑगस्टपासून गेली. कर कुणी गोळा करायचा आणि कसा, याचा उलगडा होईना, म्हणून भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवली. ती सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ तारखेला. मधल्या काळात महाराष्ट्रातल्या किती चकल्यांनी घरचीच वाट धरली असेल, याचा हिशेब त्या त्या घरातल्या बेताल वाढलेल्या वजनावरून करावा. सुरू झाल्यावरही तेव्हा नियम असा होता, की शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूला सूट, पुढे जाहीर किमतीवर ५० टक्के. कडबोळ्याची जाहीर किंमत काय लिहायची, हा प्रश्न आयांना पडला. लाख मोलाचं लिहिलं तर पन्नास हजार कर.

पैठणीची कथा याहून तिरकी. येवल्याच्या पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे. बंगळुरूचं रेशीम, सुरतेची जर, आणि मागावर बसलेल्या माणसाचे महिने. डलासच्या किंवा न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळातल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात पदरावरचा बांगडी मोर दिसला की समजावं, तो येवल्याकडचा. त्या नियमात हातमागाची साधी पैठणीसुद्धा शंभर डॉलरच्या वर जायची, आणि यंत्रमागावरची 'सेमी' खाली बसायची. म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या मतदाराने २०२४ मध्ये जे ठरवलं, त्यातून येवल्यात नक्कल सुटली आणि अस्सल अडकली. हे कुठल्याच प्रचारात नव्हतं. पदरावर कमळ आहे की मुनिया, याच्याशी अमेरिकेला काही देणंघेणं नाही. आणि ज्या विणकराच्या मागावर तो पदर अर्धा राहिला, तो कुठल्याच ग्रुपमध्ये नव्हता. पेढा ज्यांनी खाल्ला आणि ज्यांनी खिशात ठेवला, त्या दोघांचं बिल याच्या नावावर फाडलं गेलं.

अमेरिकेकडे बघणं हे मराठी माणसाचं नवं खूळ आहे, असं मात्र म्हणता येत नाही. १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. पुण्यात बसून त्यांनी अमेरिकेतला सर्वांत तीव्र वाद निवडला, त्यात बाजू घेतली, आणि त्याच पुस्तकात बोट ठेवलं ते घरच्या गुलामगिरीवर. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी हिंदू म्हणून मरणार नाही, असं ते ज्या गावात म्हणाले, ते गाव येवला. म्हणून मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने कोलंबियाची ४० कोटी डॉलरची अनुदानं रोखली, तेव्हा त्याच घोषणेच्या जागी, मुक्तिभूमीच्या परिसरात जी चर्चा झाली, तिला फुकटची म्हणता येत नाही. ज्यांची पोरं परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरत होती, ती माणसं बोलत होती. पोराने आता कुठल्या विद्यापीठात जावं, हा त्यांचा प्रश्न होता.

फरक इथे आहे. जोतीरावांनी अमेरिका बघितली ती पुण्याचं दिसावं म्हणून. आम्ही बघतो ती येवल्याचं दिसू नये म्हणून. तिकडच्या भिंतीवर बोलताना इकडच्या गटारीवर बोलावं लागत नाही, आणि तिकडच्या गाढवाला नावं ठेवताना इकडच्या कुणाला राग येत नाही.

पुढे थोडी आशा वाटण्यासारखं घडलं. ४ नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कच्या महापौरपदी झोहरान ममदानी निवडून आले. मीरा नायर यांचे चिरंजीव. त्यांनी शहरातल्या बस फुकट करण्याचं वचन दिलं होतं. ताबडतोब शेठ आणि गुरुजींना पूर्वीचा सूर सापडला. शेठ म्हणाले, ''फुकट बस? शहर भिकेला लागेल.'' गुरुजी म्हणाले, ''समाजवाद तुम्हाला कळायचा नाही.'' हे संभाषण येवला ते नाशिक एसटीत चाललं होतं. गुरुजी पंचाहत्तरीच्या पुढचे, म्हणून २०२२ च्या योजनेत त्यांचा प्रवास फुकट. शेजारी शेठच्या घरच्या वहिनी, मार्च २०२३ पासून त्यांचं तिकीट अर्धं. पूर्ण पैसे भरलेले एकटे शेठ, आणि बसमध्ये भांडवलशाहीही तेवढीच.

पुढच्या महिन्यात आमच्या नगरपालिकेची निवडणूक आली, बऱ्याच वर्षांनी. ग्रुपवर अॅडमिनने लगेच सूचना लावली, की कृपया राजकीय पोस्ट टाकू नयेत. ममदानींवरची चर्चा चालू ठेवायला हरकत नव्हती.

तेव्हा आडतदार काकांनी ग्रुपवर प्रथमच काहीतरी लिहिलं. म्हणाले, ''न्यूयॉर्कवाल्यांशी आपण एक करार करू. अर्ध्या तिकिटात आणि बिनतिकिटात गाडी कशी पळवायची, ते आपण त्यांना शिकवायचं. दर चार वर्षांनी नोव्हेंबरातल्या ठरलेल्या मंगळवारी निवडणूक कशी घ्यायची, ते त्यांनी आपल्याला शिकवायचं. दोन्ही माल हलका आहे, टपालाने जाईल. आणि याच्यावर ट्रम्पलाही कर लावता येणार नाही.''

अॅडमिनने तो मेसेज राजकीय म्हणून काढून टाकला.